लायब्ररीची ऑनलाइन ट्युटोरियल्स: बघणारा कुठे अडतो, तिथून सुरुवात

१ जानेवारी २०२५ ला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नल्स देशातल्या ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांसाठी खुली झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या मुलीला आज घरबसल्या जेवढं वाचता येतं, तेवढं तिच्या गाईडना त्यांच्या विद्यार्थिदशेत मिळालं नव्हतं. पण तिला एखादा लेख हवा असला की ती काय करते ते बघा. आधी गूगल. तिथे पैसे मागितले की टेलिग्रामचा ग्रुप. तिथेही नसला तर ‘कुणाकडे पीडीएफ आहे का’ असा व्हॉट्सॲप मेसेज. ज्या लेखाचे पैसे तिच्यासाठी आधीच भरलेले आहेत, तोच लेख ती चोरवाटेने मिळवत असते.

हे टाळावं म्हणून लायब्रऱ्या ऑनलाइन ट्युटोरियल्स बनवतात. छोटे व्हिडिओ, चित्रांसहित सूचनांची पानं, क्लिक करत पुढे जायचे धडे. हेतू उत्तम. पण नेहमीचा नमुना डोळ्यांसमोर आणा. बावीस मिनिटांचा व्हिडिओ. सुरुवातीला बोधचिन्ह फिरत फिरत येतं, मागे बासरी. मग संस्थेचा इतिहास, ग्रंथसंख्या, इमारतीचा फोटो, प्राचार्यांचं मनोगत. सहाव्या मिनिटाला एकदाची स्क्रीन दिसते आणि आवाज सांगू लागतो, ‘वर डाव्या कोपऱ्यात होम हे बटण आहे, त्याच्या शेजारी अबाउट अस हे बटण आहे...’ तोवर मुलगी टेलिग्रामवर पोचलेली असते.

हा व्हिडिओ लायब्ररीची ओळख करून देतो. बघणारीला लायब्ररीची ओळख नको असते, तिला तिच्या अडचणीतून सुटायचं असतं. चांगलं ट्युटोरियल बनवण्यातला जवळजवळ सगळा विचार या एका फरकातून निघतो.

आधी वही, मग कॅमेरा

तिची अडचण साधारण अशी असते. उद्या सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) दाखवायचा आहे. गाईडनी सांगितलंय, ‘गेल्या दहा वर्षांतले पंधरा तरी लेख बघून ये.’ रात्रीचे अकरा वाजलेत. ती कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते, लॅपटॉप रूममेटचा आहे, आणि विद्यापीठाच्या वाय-फायवर उघडणारी साइट इथून उघडत नाहीये.

ट्युटोरियलचं उद्दिष्ट या अडचणीच्या भाषेत लिहावं लागतं, आणि तेही एका वाक्यात: हे बघून झाल्यावर बघणाऱ्याला काय करता येईल? ‘जेस्टोरचा परिचय’ (जेस्टोर म्हणजे संशोधन-लेखांचा एक ऑनलाइन संग्रह) हे शीर्षक झालं. ‘घरून लॉगिन करून एक लेख उतरवून घेता येईल’ हे उद्दिष्ट झालं. पहिल्यात काय घालावं आणि काय गाळावं हे ठरवायला काहीच आधार नाही, म्हणून त्यात सगळंच येतं. दुसऱ्यात प्रकाशकाचा इतिहास आपोआप गळतो. वाक्यात ‘आणि’ घालून दोन-तीन गोष्टी कोंबाव्याशा वाटल्या, तर तेवढी वेगळी ट्युटोरियल्स करावीत.

ही वाक्यं मीटिंगमध्ये बसून सुचत नाहीत. देवघेव विभागाच्या काउंटरवर आणि संदर्भ विभागात महिनाभर एक वही ठेवावी, आणि विचारलेला प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत टिपावा. ‘मॅडम, पुस्तक ओपॅकवर अवेलेबल दाखवतंय पण कपाटात नाही.’ (ओपॅक म्हणजे लायब्ररीची ऑनलाइन पुस्तकसूची.) ‘सर, शोधगंगेवर थिसिस सापडला पण त्यातलं कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात.’ ‘एपीएमध्ये लिहा म्हणालेत, म्हणजे नक्की काय?’ (ती संदर्भ लिहिण्याची एक ठरलेली पद्धत.) महिनाअखेर वही चाळली की पाच-सहा प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. ‘मला ई-संसाधनांचा सर्वंकष परिचय करून द्या’ असं त्यात एकानेही विचारलेलं नसेल.

डोक्यात एका वेळी किती मावतं

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास खाली आणला. ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून शिकण्याच्या संदर्भात याचा पाठपुरावा केला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: शिकताना मनावर दोन तऱ्हेचं ओझं पडतं. एक विषयाचं स्वतःचं, ते फारसं कमी करता येत नाही. दुसरं, विषय ज्या तऱ्हेने समोर ठेवला त्याचं. हे दुसरं ओझं शिकवणाऱ्याने घातलेलं असतं, त्यामुळे ते उतरवणंही त्याच्याच हातात असतं.

मराठी माध्यमातून आलेल्या, एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलाच्या जागी बसून बघा. स्क्रीन इंग्रजीत. ‘ॲबस्ट्रॅक्ट’ (लेखाचा सारांश), ‘फुल टेक्स्ट’ (पूर्ण लेख), ‘पीअर रिव्ह्यूड’ (तज्ज्ञांनी तपासलेला) हे शब्द पहिल्यांदाच समोर आलेले. विषय नवा. चार जागा इथेच भरल्या. त्यात तुम्ही मागे संगीत लावलं, कोपऱ्यात हलणारं चित्र टाकलं आणि ‘याशिवाय प्रगत शोधाचाही पर्याय आहे, तो आपण नंतर पाहू’ असं मध्येच सांगितलंत, तर त्याच्या हातून आधीचंही निसटणार.

रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि आवाज एकत्र वापरून शिकवण्यावर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यातलं लायब्ररीच्या कामाचं बरंच काही अगदी साध्या शब्दांत सांगता येतं. सजावटीसाठी घातलेलं काढून टाका. ज्या बटणाबद्दल बोलताय त्याच्याभोवती त्याच क्षणी वर्तुळ काढा. सूचना बटणाच्या शेजारी लिहा, पानाच्या तळाशी नको. अवघड शब्द आधी समजावून सांगा, मग कृती दाखवा. धड्याचे तुकडे करा आणि पुढचा तुकडा कधी सुरू करायचा हे बघणाऱ्याला ठरवू द्या. बोलल्यासारखं बोला. ‘विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी’ ही सूचनाफलकाची भाषा ऐकताच मन सावध होतं आणि मिटतं. ‘आता इथे तुमच्या विषयाचा एक शब्द टाका’ म्हटलं की हात हलतो.

त्यांचा एक निष्कर्ष मात्र आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये. चित्र आणि निवेदन असताना तेच निवेदन शब्दशः स्क्रीनवर लिहिलं तर शिकणं कमी होतं, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. पण रीडिंग रूममध्ये इअरफोनशिवाय बसलेल्याला, कमी ऐकू येणाऱ्याला किंवा निवेदनातले इंग्रजी शब्द कानाला पकडता न येणाऱ्याला खालची ओळ लागतेच. म्हणून ती चालू-बंद करता येईल अशी द्यावी, चित्रावर कायमची छापू नये.

लांबीबद्दल एक आकडा हाताशी असलेला बरा. हार्वर्ड आणि एमआयटीने मिळून सुरू केलेल्या एडेक्स या मंचावरची व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सत्रं तपासून फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये दाखवलं की व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याच्या वेळेचा मध्यक (मधोमधचा आकडा) सहा मिनिटांच्या पुढे जात नाही. आणि हे लोक आपणहून शिकायला आलेले होते. सिनॉप्सिसच्या आदल्या रात्री आलेल्याकडून दोन-तीन मिनिटांची अपेक्षा धरावी. अर्थात बावीस मिनिटांच्या व्हिडिओचे सात तुकडे केल्याने काम होत नाही. त्यातले सहा मुळात नकोच होते.

आणि व्हिडिओच का, हाही प्रश्न विचारायला हवा. माझं मत सांगायचं तर लायब्ररीचे निम्म्याहून अधिक व्हिडिओ हे अर्ध्या पानाचा मजकूर आणि तीन स्क्रीनशॉट असायला हवे होते. मजकूर चाळता येतो, त्यात शोधता येतं, त्याला डेटा कमी लागतो, आणि साइटचं रूप बदललं की एक चित्र बदलून भागतं. व्हिडिओत एक बटण सरकलं तरी सगळं पुन्हा रेकॉर्ड करावं लागतं. हालचाल दाखवायची असेल, म्हणजे शोध हळूहळू कसा सुधारत नेला हे दाखवायचं असेल, तिथे मात्र व्हिडिओला पर्याय नाही.

मराठीतून शोधणाऱ्याचे वेगळे काटे

बाहेरच्या विद्यापीठांची ट्युटोरियल्स आपल्याकडे सर्रास ‘रूपांतरित’ होतात. तिथेच मोठी गोम आहे. पुण्यात समाजशास्त्र, इतिहास, मराठी, पुरातत्त्व शिकणारा विद्यार्थी जिथे अडतो, त्या जागा त्या ट्युटोरियल्सच्या कर्त्यांना ठाऊकच नसतात.

एक विषय घेऊ: पुण्यातल्या घरकामगार स्त्रिया. विद्यार्थी ओपॅकच्या चौकटीत सिनॉप्सिसचं शीर्षकच टाकतो, ‘पुण्यातील घरकामगार महिलांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास’. उत्तर येतं शून्य. तो समजतो, या विषयावर काही लिहिलेलंच नाही. काही विद्यार्थी तर आनंदाने ‘रिसर्च गॅप’ सापडली असं लिहूनही टाकतात.

ट्युटोरियलने नेमका हा शून्याचा निकाल दाखवावा. आधी फसलेला शोध, मग तो का फसला, मग दुरुस्ती. बहुतेक ट्युटोरियल्समध्ये पहिल्याच शोधात अचूक पुस्तक सापडतं, आणि त्यामुळे बघणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. अमेरिकेतल्या शैक्षणिक ग्रंथालयांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या माहिती-साक्षरतेच्या आराखड्यातही शोध घेणं म्हणजे चाचपडत, दिशा बदलत जाणं असंच धरलं आहे.

या शोधात पहिली अडचण विभक्तीची. माणसाला ‘पुणे’, ‘पुण्यातील’ आणि ‘पुण्याच्या’ एकच वाटतात. यंत्राला ते तीन वेगळे शब्द आहेत, आणि इंग्रजीसाठी बनलेल्या बहुतेक शोधयंत्रणांना मराठी सामान्यरूप कळत नाही. जिथे तारांकनाची सोय असेल, म्हणजे * या ताऱ्याच्या जागी पुढची कुठलीही अक्षरं चालत असतील, तिथे ‘पुण्या’ लिहून पुढे तारा टाकला की ‘पुण्यातील’ आणि ‘पुण्याच्या’ दोन्ही येतात. ‘पुणे’ मात्र वेगळं टाकावं लागतं, कारण मूळ शब्दच बदललाय.

दुसरी अडचण: एकाच माणसांची अनेक नावं. जुन्या लेखनात ‘मोलकरीण’. आजच्या संघटना आणि अभ्यासकांच्या लेखनात ‘घरकामगार’. आणि सरकारी कागदपत्रांत ‘घरेलू कामगार’, कारण २००८ च्या कायद्याचं नावच महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम असं आहे. एकच शब्द टाकणाऱ्याला एकाच कपाटातलं मिळतं. इथे गणितज्ञ जॉर्ज बूल यांचं तर्कशास्त्र कामाला येतं. समानार्थी शब्दांमध्ये ‘ऑर’, वेगळ्या कल्पनांमध्ये ‘अँड’. मोलकरीण ऑर घरकामगार ऑर ‘घरेलू कामगार’ हे सगळं एका कंसात, मग अँड, मग पुणे. ‘ऑर’ने निकाल वाढतात आणि ‘अँड’ने घटतात, हे नवख्याला उलटंच वाटतं, म्हणून निकालांचा आकडा प्रत्येक वेळी ठळक दाखवावा. शिवाय हे जोडशब्द शोधचौकटीत इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाकायचे असतात, हे सांगायला विसरू नये. शोध मराठी शब्दांचा असला तरीही.

इंग्रजीत शोधताना शहराचं नावच दगा देतं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या काळात पुण्याच्या गोखले संस्थेने शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती आजच्या इंग्रजी स्पेलिंगने सापडत नाही. तिथे पी-ओ-ओ-एन-ए लिहावं लागतं. विसाव्या शतकातल्या बहुतांश इंग्रजी साहित्यासाठी हे खरं आहे.

जुन्या मराठी पुस्तकांचं आणखी निराळं. १९६२ च्या लेखननियमांनी बरेच अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांच्या नावांत ‘साधनें’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे शब्द आहेत, आणि तालिकाकाराने, म्हणजे पुस्तकसूची करणाऱ्याने, शीर्षकपानावरचं नाव जसंच्या तसं नोंदवलं असेल तर आजच्या लेखनाने ते दिसणार नाही. ‘ऱ्य’ तर आणखी फसवा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, तो दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एका तऱ्हेने नोंदवलेलं ‘शेतकऱ्यांचा’ दुसऱ्या तऱ्हेने शोधलं की सापडत नाही. यावर साधा तोडगा म्हणजे ‘शेतक’ इथे थांबून तारा टाकणे.

डेक्कन कॉलेज किंवा भांडारकर संस्थेत काम करणारा विद्यार्थी परदेशी ग्रंथालयांच्या तालिका धुंडाळतो, तेव्हा लिप्यंतर, म्हणजे देवनागरी शब्द रोमन अक्षरांत लिहिणं, आडवं येतं. तिथल्या प्रचलित पद्धतीत ‘च’साठी ‘सी-एच’ नव्हे, नुसतं ‘सी’ असतं. ‘श’साठी ‘एस-एच’ऐवजी चिन्ह दिलेला ‘एस’. म्हणजे ‘चरित्र’ आणि ‘शास्त्र’ हे दोन्ही शब्द आपण व्हॉट्सॲपवर लिहितो तसे टाकले तर हाती काही लागत नाही. ‘एस-एच’मधला ‘एच’ काढला की शेकडो नोंदी समोर येतात. हे सांगायला दीड मिनिट पुरतं.

आणि शोधगंगा. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात जमा करणं बंधनकारक केल्यावर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभं केलेलं हे भांडार. मराठीतले अनेक प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. पीडीएफ उघडली की छान देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. कॉपी केलं की कचरा, आणि आत शोधलं की काहीच नाही. वर विचारणाऱ्या मुलाची ‘भलतीच अक्षरं’ ती हीच. कारण कळलं की तो आपला कॉम्प्युटर बिघडला असं समजून सायबर कॅफे गाठत नाही. मजकुरात शोधण्यावर विसंबू नका, शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक आणि विभाग यांवरून शोधा आणि अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचा, एवढं सांगितलं की पुरे.

बघणं आणि करणं

दुसऱ्याला सफाईने शोधताना बघून ‘समजलं’ असं वाटतं, आणि स्वतः करायला बसलं की हात थांबतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून बघणाऱ्यांच्या लक्षात तो आठवड्यानंतर जास्त राहतो. म्हणून दर मिनिट-दीड मिनिटाला थांबा: ‘आता व्हिडिओ थांबवा आणि तुमच्या विषयासाठी तीन समानार्थी शब्द लिहा.’ शेवटी ‘ओपॅकचं पूर्ण रूप काय?’ छापाचे प्रश्न विचारू नयेत. ते माहीत असून कुणाचंही अडलेलं काम झालेलं नाही.

ॲरिझोना विद्यापीठाच्या ग्रंथालयाने यासाठी एक सुटसुटीत रचना केली. पडद्याच्या डाव्या पट्टीत सूचना, उजवीकडे खराखुरा चालू डेटाबेस. वाचत वाचत तिथेच करून बघायचं. ते सॉफ्टवेअर त्यांनी सर्वांसाठी खुलंही केलं. मोबाइलच्या पडद्यावर दोन भाग मावत नाहीत, आणि आपल्याकडे पहिली भेट बहुधा मोबाइलवरच होते. तेव्हा एका पायरीला एक छोटं पान आणि खाली ‘करून बघा’चा दुवा, असं ते बदलून घ्यावं लागेल.

ट्युटोरियल ठेवायचं कुठे, हे लायब्रऱ्या सगळ्यात कमी विचारात घेतात. वेबसाइटवर ‘लायब्ररी’, त्यात ‘सेवा’, त्यात ‘प्रशिक्षण’, त्यात पंधरा व्हिडिओंची यादी. इतकं खाली जाऊन कोण शोधणार? पुणेरी पाटी चारोळीएवढी असूनही कामाची का ठरते, तर चूक घडते त्याच दारावर ती लावलेली असते. (तिचा सूर मात्र उचलू नये.) ओपॅकवर शून्य निकाल आला की त्याच पानावर ‘काहीच सापडलं नाही? हे करून बघा’ असा दुवा हवा. लॉगिनच्या चौकटीखाली ‘घरून उघडत नाही?’ हवा. बाकी गाईडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवता येईल असा एक छोटा दुवा केला, तर पंधरा व्हिडिओंच्या यादीपेक्षा तो जास्त लोकांपर्यंत जातो.

दृष्टिहीन विद्यार्थी एनव्हीडीएसारखं पडदावाचक सॉफ्टवेअर लावून हेच पान ऐकत असतो. त्याला ‘इथे क्लिक करा’ असे पाच दुवे ऐकू आले तर त्यातला कुठला काय, हे कळायला मार्ग नाही. दुव्यात कामाचं नाव लिहावं, चित्राला वर्णन द्यावं, ‘हिरव्या बटणावर’ ऐवजी बटणावर काय लिहिलंय ते सांगावं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावं, असं वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं त्यात बसत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शैक्षणिक संस्थांवर ही जबाबदारी टाकलेलीच आहे.

तयार झालेलं ट्युटोरियल लोकांसमोर नेण्याआधी पाच जणांना करायला द्या. पाच हा आकडा वेबसाइटची वापरसुलभता अभ्यासणारे जेकब नील्सन यांचा. बहुतेक मोठ्या अडचणी पहिल्या पाच जणांतच उघड्या पडतात, असं त्यांचं म्हणणं, आणि छोट्या कामासाठी ते पुरतं. फक्त हे पाच जण रोज रीडिंग रूममध्ये बसणारे हुशार विद्यार्थी नकोत. लायब्ररीत फक्त नो-ड्यूजच्या सहीसाठी येणारा एक तरी घ्या. त्याला काम द्या, शेजारी बसा आणि गप्प राहा. हे गप्प राहणं ग्रंथपालांना भयंकर जड जातं, कारण मदत करणं अंगात मुरलेलं असतं. पण त्याचा कर्सर कुठे घुटमळतो, ॲबस्ट्रॅक्टलाच पूर्ण लेख समजून तो खिडकी कधी बंद करतो, हे तसं बसल्याशिवाय दिसत नाही.

शिळं होणारं आणि टिकणारं

पुण्यातलंच उदाहरण आहे. संशोधनपत्रिका विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘यूजीसी-केअर’ यादी आणली, आणि तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चालायचं. २०१९ पासून देशभरच्या ग्रंथालयांनी ‘केअर यादी कशी तपासावी’ अशी ट्युटोरियल्स केली. लॉगिन करा, पत्रिकेचं नाव टाका, यादीत आहे का बघा, संपलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीच बंद केली आणि पत्रिका पारखायचे निकष सुचवून निर्णय संस्थांवर सोडला. ज्या ट्युटोरियल्सनी फक्त कुठे क्लिक करायचं ते शिकवलं होतं, ती त्या दिवशी संपली. ज्यांनी संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, लेख तज्ज्ञांकडून तपासले जातात का, पैसे कधी आणि कशासाठी मागतात, ‘तीन दिवसांत प्रकाशन’ असं आश्वासन का खटकायला हवं, हे शिकवलं होतं, त्यांचा एक स्क्रीनशॉट तेवढा बदलावा लागला.

म्हणून बटणांचा भाग मजकुरात ठेवावा आणि विचाराचा भाग व्हिडिओत. प्रत्येक ट्युटोरियलवर शेवटचं कधी तपासलं ती तारीख लिहावी आणि पुढच्या तपासणीची जबाबदारी एका पदावर टाकावी. कुणाचीच नसलेली तपासणी होत नाही. जुनं, चुकीचं ट्युटोरियल तसंच राहू देण्यापेक्षा काढून टाकलेलं बरं.

एक नवं ट्युटोरियल मात्र प्रत्येक लायब्ररीने आजच करायला हवं: ‘हा संदर्भ खरा आहे का?’ विद्यार्थी चॅटजीपीटीला संदर्भ विचारतात, आणि ते लेखक, वर्ष, पत्रिका, पानं सगळं देतं. त्यातले काही लेख कधी लिहिलेच गेलेले नसतात. त्यांना ‘एआय वापरू नका’ सांगून उपयोग नाही, वापरणारच आहेत. दोन मिनिटांत एवढंच दाखवा: संदर्भाला डीओआय क्रमांक (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) असेल तर तो डीओआयच्या साइटवर टाकून बघा, तोच लेख उघडतो का. नसेल तर शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधा. मग त्या पत्रिकेच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडा. उदाहरणात एक खरा आणि एक बनावट संदर्भ शेजारी शेजारी ठेवा, आणि कुठला बनावट हे आधी बघणाऱ्याला ओळखू द्या.

हे सगळं करायला माणसं कुठून आणायची, हा रास्त प्रश्न आहे. अनेक कॉलेजांत एक ग्रंथपाल, एक-दोन सहायक आणि समोर नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) कामाची फाइल. पण शोधगंगा सगळ्यांची एकच आहे. ‘अँड’ आणि ‘ऑर’ सगळीकडे सारखेच चालतात. ‘ऱ्य’ची गंमत शिवाजीनगरला आणि हडपसरला वेगळी नाही. शहरातल्या पन्नास कॉलेजांनी तोच व्हिडिओ पन्नासदा करण्यात काही अर्थ नाही. चार-पाच ग्रंथपालांनी वाटून घेऊन, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (म्हणजे इतरांना वापरायची मोकळीक देऊन), बदलता येईल अशा मूळ फाइलसकट ठेवावं. जे खरोखर वेगळं आहे, म्हणजे लॉगिनच्या यादीत आपल्या संस्थेचं नाव कुठल्या शब्दांत सापडतं, आयडी कुणाकडे मागायचा आणि तो किती वाजेपर्यंत मिळतो, तेवढं प्रत्येकाने आपल्यापुरतं अर्ध्या पानात लिहावं.